खाऱ्या पाण्याच्या टाकीतील बुजरे मासे आणि त्यांचे अन्न

गप्पी किंवा गोल्डफिश पाळणाऱ्याला मासा खातो की नाही, ही चिंता सहसा शिवत नाही. खाद्याचा डबा हातात घेतला की टाकीतले सारे रहिवासी काचेशी गोळा होतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा अनुभव वेगळा असतो. महागामोलाचा, रंगाने डोळे दिपवणारा मासा घरी येतो, टाकीत सोडताच दगडाआड दडतो आणि दिवसचे दिवस तोंड दाखवत नाही. टाकलेले खाद्य त्याच्या समोरून वाहून जाते, पण तो हलत नाही. दहा-बारा दिवसांनी तो बाहेर येतो तेव्हा पोट आत गेलेले असते, आणि मग उपाय शोधण्यास बहुधा उशीर झालेला असतो. घरगुती टाक्यांत सागरी मासे रोगाने मरतात तसेच उपासमारीनेही मरतात, आणि ही उपासमार भरल्या टाकीत, मालकाच्या डोळ्यांदेखत होते. ती बव्हंशी टाळता येण्याजोगी आहे.

बुजरेपणा हा माशाचा दोष नव्हे. प्रवाळभित्तीवर राहणाऱ्या लहान माशाला बिळाबाहेर घालवलेला प्रत्येक क्षण जोखमीचा असतो; जो उगाच बाहेर रेंगाळला तो कोणाचा तरी घास झाला. फायरफिश या नावाने विकला जाणारा, पांढऱ्या अंगाचा आणि लालभडक शेपटीचा छोटा मासा समुद्रात आपल्या बिळाच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून तरंगत राहतो, वाहत येणारे प्लवंग टिपतो आणि सावली हलली की क्षणात बिळात शिरतो. कॅरिबियन समुद्रातील रॉयल ग्रामा कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. कार्डिनल मासे मुख्यतः रात्री खातात. अँथियास दिवसभर थोडे थोडे टिपत राहतात. त्यांना दिवसातून एकदा पोटभर जेवण ही कल्पनाच ठाऊक नसते. या सर्वांना आपण चार काचांच्या मध्ये, तीव्र दिव्याखाली, अनोळखी शेजाऱ्यांत आणून ठेवतो आणि कोरड्या गोळ्यांचे खाद्य समोर टाकतो. ती गोळी अन्न आहे, हे त्यांना कळावे कसे?

बुजरा की आजारी?

पहिला निर्णय हाच करावा लागतो, कारण दोहोंचे उपाय परस्परविरोधी असतात. बुजरा मासा लपलेला असला तरी सावध असतो. त्याचे डोळे फिरतात, पाण्यातून वाहणाऱ्या कणाचा तो नजरेने पाठलाग करतो, श्वास संथ असतो, आणि खोलीत कोणी नसेल तेव्हा तो थोडा बाहेर येतो. आजारी माशाचे कल्ले वेगाने उघडझाप करतात, तो पृष्ठभागापाशी किंवा पंपाच्या प्रवाहात उभा राहतो, दगडावर अंग घासतो, डोळ्यांपुढून खाद्य गेले तरी त्याची नजर हलत नाही. विष्ठेवरूनही बरेच कळते. लांब, पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आतड्यातील परजीवींची शंका निर्माण करते. मात्र कित्येक दिवस उपाशी असलेल्या माशाची विष्ठाही तशीच दिसू शकते, म्हणून केवळ तेवढ्यावरून औषध ओतू नये. विशेषतः तांबेयुक्त औषधे भूक मंदावतात. अंगावर रोगाची खूण नसताना, केवळ खबरदारी म्हणून, न खाणाऱ्या माशाला तांब्याच्या पाण्यात ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला जुलाबाचे औषध देण्यासारखे आहे.

खाद्य तोंडात घेऊन थुंकणारा मासा पाहून अनेक जण निराश होतात. वास्तविक ही चांगली खूण आहे. तो चव घेऊन पाहतो आहे, म्हणजेच निम्मे काम झाले आहे.

आधी पाणी

मासा खात नाही असे दिसताच खाद्याचे प्रकार बदलण्याची घाई होते. त्याआधी पाणी तपासावे. क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५), तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, आणि अमोनिया व नायट्राइट शून्य, ही किमान अट आहे. अमोनियाचा मोजता येण्याजोगा अंशही भूक मारतो.

गोव्यात या बाबतीत दोन विशेष अडचणी आहेत. पहिली पावसाची. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने विकतचे क्षार घेण्याऐवजी किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोह होतो. पण जूनपासून मांडवी आणि झुवारी यांच्या मुखांतून गोड्या, गढूळ पाण्याचा लोंढा समुद्रात येतो आणि किनाऱ्यालगतची क्षारता बरीच खाली जाते. मिरामारजवळ मे महिन्यात भरलेले पाणी आणि जुलैत भरलेले पाणी ही एकच वस्तू नव्हे. ज्या माशाने परवापर्यंत हातचे खाल्ले तो पाणी बदलल्यावर अचानक दडून बसला, तर संशय प्रथम नव्या पाण्यावर घ्यावा. शिवाय किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाण्याचा अंश असू शकतो तो वेगळाच. पावसाळ्यापुरते तरी मोजून कालवलेले कृत्रिम सागरी क्षार वापरणे हिताचे.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशाची दमछाक होते आणि तो खाणे सोडतो. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. मात्र त्याने बाष्पीभवन वाढते, पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी. तेथे खारे पाणी घातल्यास क्षारता हळूहळू चढत जाते. वीज गेल्यावर चालणारा, बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्यावा, हे गोव्यातील पावसाळा पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आडोसा, शेजारी आणि उजेड

लपायच्या जागा काढून टाकल्या की मासा बाहेर येईल, असा एक समज आहे. घडते ते उलट. ज्याला जवळच सुरक्षित बीळ आहे तो निर्धास्तपणे बाहेर फिरतो. ज्याला ते नाही तो कोपऱ्यात थिजून राहतो. दगडांची रचना अशी असावी की प्रत्येक बुजऱ्या माशाच्या वाट्याला किमान एक अशी कपार यावी जिच्यात मोठा शेजारी शिरू शकणार नाही. नव्या माशाला वेगळे ठेवण्याच्या रिकाम्या टाकीत नळकामाच्या पीव्हीसी पाइपचे दोन-चार तुकडे पुरतात. दिसायला ते ओबडधोबड असतात, पण माशाची त्याबद्दल तक्रार नसते. फायरफिशसारखे मासे घाबरले की पाण्याबाहेर उडी मारतात, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण हवेच.

शेजाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक असतो. डॅमसेल, मोठे रास आणि जुने झालेले टँग नवख्याला खाद्याजवळ फिरकू देत नाहीत. प्रत्यक्ष चावे घेतले जातातच असे नाही. नुसते अंगावर धावून जाणे पुरेसे असते. यावर हमखास उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे भोके पाडलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी. ती टाकीच्या आत काचेला टांगावी आणि नव्या माशाला त्यात तीन ते सात दिवस ठेवावे. पाणी सर्वांचे तेच राहते, दादागिरी करणाऱ्याला नवा शेजारी दिसतो पण गाठता येत नाही, आणि नवख्याला इतर मासे काय खातात, कसे खातात, हे पाहता येते. मासे एकमेकांचे पाहून शिकतात. त्याच कारणाने हिरव्या क्रोमिसांसारखा शांत पण धीट स्वभावाचा लहानसा कळप टाकीत असला, तर ‘बाहेर धोका नाही’ ही सूचना बुजऱ्याला आपोआप मिळते.

टाकीची जागाही पाहावी. दाराजवळ, दूरदर्शन संचासमोर किंवा मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील टाकीत बुजरा मासा स्थिरावत नाही. सुरुवातीचे काही दिवस एका बाजूच्या काचेला कागद लावावा, मुख्य दिवे मंद ठेवावेत आणि खाद्य दिवे मालवण्याच्या सुमारास, खोलीतल्या अंधुक उजेडात द्यावे. देऊन झाल्यावर काचेला नाक लावून उभे राहू नये. दूर बसून पाहावे.

जिवंत अन्नापासून सुरुवात

समुद्रातून पकडलेल्या माशाच्या लेखी अन्न म्हणजे हलणारी वस्तू. म्हणून पहिला घास जिवंत असावा. घरी सर्वांत सहज करता येण्याजोगे जिवंत अन्न म्हणजे आर्टेमियाची पिल्ले. आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत आढळणारा इवलासा कवचधारी जीव. त्याचे सुप्तावस्थेतील भ्रूण तपकिरी पुडीसारखे डब्यात मिळतात.

प्लास्टिकची बाटली उलटी करून तिचा तळ कापावा, म्हणजे निमुळता भाग खाली येतो. एक लिटर पाण्यात साधारण २५ ते ३० ग्रॅम आयोडीनविरहित मीठ विरघळवावे. मिठागरातले जाडे मीठ गाळून घेतल्यास चालते. चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाव चमचा अंडी टाकून बाटलीच्या तळापर्यंत हवेची नळी सोडावी आणि पाणी सतत खळखळत ठेवावे. उजेड हवा, तापमान २६ ते २८ अंश. गोव्याच्या हवेत वेगळी उष्णता देण्याची गरज सहसा पडत नाही. सुमारे २४ तासांत नारिंगी रंगाची पिल्ले फुटतात. हवा बंद केली की रिकामी कवचे वर तरंगतात, पिल्ले खाली येतात. नळीने तळचे पाणी तलम कापडावर ओढून घ्यावे आणि पिल्ले गोड्या पाण्याने एकदा धुऊन टाकीत द्यावीत. कवचे टाकीत जाऊ देऊ नयेत, लहान माशांच्या आतड्यात ती अडकू शकतात.

येथे वेळेला महत्त्व आहे. नुकत्या फुटलेल्या पिल्लाच्या अंगात पिवळ्या बलकाचा साठा असतो आणि तोच माशाला पोषण देतो. तासागणिक तो आटत जातो. म्हणून फुटल्यावर काही तासांतच पिल्ले वापरावीत. अधिक काळ ठेवायची असल्यास त्यांना सूक्ष्म शैवाल किंवा बाजारात मिळणारे मेदाम्लयुक्त पोषणद्रव्य खाऊ घालून मग द्यावीत. पूर्ण वाढलेले आर्टेमिया माशाला चटकन भुरळ घालतात, पण पोषणाच्या दृष्टीने ते फारसे कामाचे नाहीत. केवळ त्यांवर ठेवलेला मासा खात खात खंगतो.

जिवंत अन्न घेऊ लागलेल्या माशाला गोठवलेल्या अन्नाकडे वळवायचे असते. पहिले काही दिवस जिवंत पिल्लांत गोठवलेल्या मायसिसचे बारीक तुकडे मिसळावेत. प्रवाहात दोन्ही एकत्र वाहतात आणि चुकून का होईना, मासा तुकडा गिळतो. तो थुंकत नाही अशी खात्री पटली की जिवंत अन्नाचे प्रमाण आठवडाभरात उतरवत न्यावे. मायसिस हे कोळंबीसारखे दिसणारे बारीक जीव, आर्टेमियापेक्षा कितीतरी सकस. कोरडी गोळी हा शेवटचा टप्पा. काही मासे तेथवर कधीच येत नाहीत आणि त्यांना तसा आग्रह करू नये. लसणाचा रस लावून खाद्य देण्याची पद्धत शौकिनांत फार प्रचलित आहे. वासाने एखादा मासा जवळ येतो हे खरे, परंतु लसूण म्हणजे परजीवींवरचे औषध, ही समजूत उराशी धरून खऱ्या उपचाराला उशीर करू नये.

गोठवलेला तुकडा वाटीभर टाकीच्याच पाण्यात वितळवावा, गाळणीत धुऊन त्याचे पाणी फेकून द्यावे. ते टाकीत गेले की फॉस्फेट वाढते. घासाचा आकार माशाच्या डोळ्याएवढा असावा, हा सोपा मापदंड आहे.

मासळी बाजारातून

गोव्यातील शौकिनाला जो लाभ इंदूर किंवा हैदराबादच्या शौकिनाला नाही, तो म्हणजे पहाटेचा मासळी बाजार. ताजा जवळा, सुंगटांचे बारीक तुकडे, शिनाणे आणि तिसऱ्या हे सारे उत्तम सागरी खाद्य आहे. मात्र बाजारातून आणलेले थेट टाकीत घालू नये. धुऊन, लहान पुड्या करून आठवडाभर गोठवावे, म्हणजे परजीवींचा धोका बराच कमी होतो. वाळवलेला जवळा माणसांच्या किसमूरसाठी राखावा. त्यात वाळू असते आणि तो नीट भिजत नाही.

एकाच प्रकारच्या कच्च्या मांसावर मासा ठेवण्यातही धोका आहे. तारली वर्गातील काही माशांत आणि काही शिंपल्यांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते ‘ब १’ जीवनसत्त्वाचा नाश करते आणि ते गोठवल्यानेही निष्प्रभ होत नाही. त्यामुळे खाद्यात आलटून पालटून बदल हवा, आणि आठवड्यातून एक-दोनदा जीवनसत्त्वांचे थेंब त्यावर घालावेत.

खाद्य देण्याची रीत

वरून खाद्य टाकले की ते धीट माशांच्या वाट्याला जाते. म्हणून दोन ठिकाणी वाढावे: आधी टाकीच्या एका टोकाला दांडग्यांना, आणि ते गुंतलेले असताना दुसऱ्या टोकाला बुजऱ्यांना. टँगसाठी काचेला चिमट्याने समुद्री शेवाळाची पट्टी लावली तर ते बराच वेळ तेथेच रमतात. बुजऱ्यासाठी सिरिंजला हवेच्या पंपाची ताठ नळी जोडावी आणि खाद्य त्याच्या बिळाच्या तोंडापासून चार-सहा इंचांवर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, अलगद सोडावे. थेट तोंडावर मारल्यास तो आत पळेल. नळी पाहून पहिले दोन दिवस तो दचकतो. रोज तीच वेळ, तीच जागा, तीच नळी ठेवली की आठवड्याभरात नळी दिसताच तो बाहेर डोकावू लागतो.

या वेळी स्किमर आणि मुख्य पंप दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावेत; प्लवंग टिपणाऱ्यांसाठी सौम्य प्रवाह राहू द्यावा, कारण तळाशी पडलेला निश्चल तुकडा त्यांना अन्न वाटतच नाही. पंप पुन्हा सुरू करण्यास विसरू नये. अँथियाससारख्यांना दिवसातून तीन-चार वेळा चिमूट चिमूट द्यावे लागते. चिंतेपोटी ढीगभर खाद्य ओतणे ही फार सामान्य चूक आहे. ते दगडांत कुजते, अमोनिया वाढतो आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्याचीच भूक मरते. उरलेले अर्ध्या तासात नळीने ओढून काढावे.

दोन अवघड पाहुणे

मँडेरिन हा कदाचित सर्वांत देखणा आणि टाक्यांत सर्वाधिक उपाशी मेलेला मासा असावा. त्याचा निळा रंगही असामान्य आहे. बहुतेक प्राण्यांत निळाई प्रकाशाच्या खेळातून भासते, याच्या पेशींत मात्र खरोखर निळे रंगद्रव्य असते. तो दिवसभर दगडांवरून संथपणे सरपटत कोपेपोड नावाचे सूक्ष्म जीव एकेक करून टिपतो. टाकीत सोडल्यावर तो ‘खाताना’ दिसतो, मालक निश्चिंत होतो, आणि दोन महिन्यांत दगडांवरचे कोपेपोड संपले की माशाचे पोट आत जाऊ लागते. त्याच्यासाठी सहा महिन्यांहून जुनी, भरपूर दगड असलेली, साधारण ३०० लिटरांच्या वरची टाकी हवी, आणि कोपेपोडांची पैदास होण्यास शैवालाचा वेगळा कप्पा असेल तर उत्तम. पूरक उपाय म्हणून अरुंद तोंडाची छोटी काचेची बरणी तळाशी आडवी ठेवावी आणि नळीने आर्टेमियाची पिल्ले तिच्यात सोडावीत. चपळ मासे आत शिरण्यास कचरतात, मँडेरिन मात्र शांतपणे आत जाऊन चरतो.

दुसरा कॉपरबँड बटरफ्लाय, लांब चोचीचा. ती चोच कपारीतील किडे ओढून काढण्यासाठी आहे. पाण्यात तरंगणाऱ्या तुकड्याकडे तो पाहतही नाही. गोठवून वितळवलेली तिसरी शिंपल्यासह अर्धी उघडून दगडात खोचावी. बहुतेक कॉपरबँड तिला पहिल्यांदा टोचतात. मग त्याच रिकाम्या शिंपल्यात मायसिस भरून द्यावे. शिंपला दोन-तीन तासांत काढून घ्यावा.

किती वाट पाहावी?

धष्टपुष्ट, मध्यम आकाराचा मासा नव्या घरी आठवडाभर न खाता राहिला तरी तग धरतो. अँथियास किंवा फायरफिशसारख्या लहान माशांच्या बाबतीत तीन-चार दिवसही फार झाले. दिवस मोजण्यापेक्षा शरीर पाहावे. पोटाचा भाग आत वळणे ही पहिली सूचना. डोक्यामागच्या पाठीचे मांस ओसरून कणा सुरीच्या पात्यासारखा दिसू लागणे ही शेवटची. पोट आत वळताच माशाला वेगळ्या शांत टाकीत नेऊन दिवसातून चार-पाच वेळा जिवंत अन्न द्यावे.

काही मासे चांगले खाऊनही खंगतात. परजीवी हे एक कारण. दुसरे कारण पकडण्याच्या पद्धतीत असू शकते: फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात कपारीतील माशांना सोडियम सायनाइडच्या फवाऱ्याने गुंगवून पकडण्याची रीत सुरू झाली आणि पुढे इंडोनेशियातही पसरली. त्या विषाने माशाची आतील इंद्रिये दुखावतात, आणि विकत घेताना डोळ्यांना काहीच दिसत नाही.

म्हणून उपाय दुकानातच सुरू होतो. पैसे देण्यापूर्वी दुकानदारास आपल्यासमोर मासा खाऊ घालण्यास सांगावे; ‘सकाळीच खाल्ले आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहावे. तो काय खातो ते विचारून त्याच खाद्याची पुडी सोबत घ्यावी. शक्य असेल तेथे बंदिस्त पैदाशीचा मासा निवडावा, कारण तो पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातचे अन्न ओळखतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र देशात विकसित केले आहे, नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास झाली आहे, आणि परदेशात गेल्या दीड दशकात मँडेरिनही टाकीत वाढू लागला आहे. मूरिश आयडॉल, म्हणजे ‘फाइंडिंग नीमो’ या २००३ च्या चित्रपटातील गिल, हा मात्र कोणी कितीही गळ घातली तरी घेऊ नये. स्पंजांवर चरणारा हा मासा अनुभवी हातांतही क्वचितच टिकतो.

समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातील नळीमासे हेही खाद्याच्या बाबतीत असेच नाजूक, पण त्यांचा विचार करण्याचे कारणच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये त्यांचा समावेश झाला, आणि प्रवाळभित्ती घडवणाऱ्या प्रवाळांचाही. ग्रँड बेटाजवळ किंवा मालवणच्या खडकांत पाण्याखाली दिसलेला समुद्रघोडा, प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळ चिकटलेला दगड टाकीसाठी उचलून आणणे हा गुन्हा आहे.